साहेबाच्या कागदावरचा शब्द

"आता तूच वाच," म्हणत रुक्माबाईंनी पिशवीतून कागद काढून नातीच्या हातात दिला, आणि नागोराव गुरुजींच्या घशातला पेढा घशातच राहिला.

पेढे राखीच्या नोकरीचे होते. पोरगी यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजीची प्राध्यापक झाली होती. तांड्याला लागून शाळा असताना आजीने तिला पहिलीपासून रोज एसटीने बोरी अरबला, गुरुजींच्या शाळेत धाडलं होतं. लोकांनी विचारून पाहिलं, पण म्हातारी एकदा गप्प बसली की बसली.

कागद शंभर वर्षांपूर्वीचा. बैलांवरून माल वाहणाऱ्या रुक्माबाईंच्या आजेसासऱ्यांना कुणा गोऱ्या साहेबाने दिलेला. बिचाऱ्यांनी तो शाबासकी समजून जन्मभर जपला. त्यांच्या नावाआधी साहेबाने एक शब्द लिहिला होता, 'रेक्रिअंट'. आता तो फक्त जुन्या पुस्तकांत सापडतो, रणातून पळालेल्या सरदारांना लावलेला. अर्थ भेकड, दगाबाज.

राखीचं नाव शाळेत घालायच्या आठवड्यात रुक्माबाईंनी हाच कागद गुरुजींपुढे धरला होता. गुरुजींनी आधी शब्दकोश पाहिला, मग त्या माउलीचा चेहरा पाहिला, आणि सांगून टाकलं, "विश्वासू." इतकं धडधडीत खोटं ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

आज ते उघडं पडणार, तेही त्यांच्याच विद्यार्थिनीच्या तोंडून. स्वतःच्या फजितीचं त्यांना काही नव्हतं. पण म्हातारीला या वयात तो शब्द ऐकावा लागणार होता.

"काहून थांबली वं?" रुक्माबाई म्हणाल्या.

राखीने कागदावरून मान वर केली. क्षणभर गुरुजींकडे पाहिलं.

"विश्वासू, दादी. गुरुजींनी सांगतलं होतं, तेच."

आणि चहाचे कप उचलून ती आत गेली.

गुरुजींचे डोळे भरून आले. पोरीचे उपकार कसे मानावेत, त्यांना कळेना.

रुक्माबाईंनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि गुरुजींपुढे हात जोडले.

"लय उपकार झाले, गुरुजी. तुमच्या आधी हा कागद मी तीन मास्तरायले दाखोला होता. तिघायनंबी खरा अर्थ सांगतला, अन् हासले. तवाच ठरोलं, माही नात शिकन तं तुमच्याच शाळेत."