दीपस्तंभावरची खिडकी

दीपस्तंभाच्या सगळ्यात वरच्या खोलीत पर्यटकांना नेलं, की गाइडच्या अंगात यायचं. "इथल्या रखवालदाराची होडी वादळात उलटली, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने या खिडकीतून समुद्रात उडी घेतली!" असं तो हातवारे करत सांगायचा. मग लोक हळहळायचे आणि त्याच खिडकीत उभं राहून फोटो काढायचे.

आज मात्र घोळक्यातल्या एका आजीबाईंनी काठी आपटली. "साफ खोटं! तिने उडीबिडी काही मारली नाही."

"आजी, खाली फलकावरसुद्धा हेच लिहिलंय," गाइड हसत म्हणाला.

"मग तो फलक आधी उतरव."

आता लोकही कान टवकारून ऐकू लागले. एवढी रंगलेली गोष्ट हातची जाताना पाहून गाइडचा पारा चढला. "नवरा डोळ्यांदेखत बुडाल्यावर ती बाई जगेल तरी कशाला?"

आजीबाईंनी खिडकीतून समुद्राकडे नीट पाहिलं, मग त्याच्याकडे.



"अरे, बाकीच्या होड्या अजून परतायच्या होत्या. दिवा सोडून जीव द्यायला मला सवड कुठे होती?"