पायांना आलेला वास

मिलमध्ये शिडी कोसळली तेव्हा रघुवीररावांचा मणका मोडला आणि सोबत पडलेला नथ्थूभिया जागीच गेला. पुढं मिलही बंद पडली. मग तुकोगंजच्या डॉक्टरांनी रघुवीररावांच्याच नाकातल्या पेशी काढल्या, लॅबमध्ये वाढवल्या आणि बारीक जाळीवर बसवून मणक्यात घातल्या. "वास घेणाऱ्या नसा जन्मभर नव्यानं वाढतात," ते म्हणाले होते.

पाय काही हलले नाहीत.

आज दुपारी त्यांची बायको सुमन त्यांच्या तळपायांना तेल चोळत होती. रघुवीरराव सहज म्हणाले, "आज मोहरीचं वाटतं."

"वास कसा आला तुम्हाला? सर्दीनं नाक तर पूरा बंद आहे."

नाक खरंच बंद होतं. वास पायांना येत होता. आणि आता तेलामागून दुसरा आला, ग्रीसचा आणि लवंगेच्या बिडीचा. तसली बिडी मिलमध्ये एकटा नथ्थूभियाच ओढायचा.

"सुमन, पायाशी कोण उभं आहे?"

"कोणी नाही जी."

वास तळव्यांना भिडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पाय झटक्यानं मागं ओढले गेले.

"अहो, हलले," सुमनला रडू फुटलं. "अजून एकदा हलवा ना."

त्यांनी ते हलवलेच नव्हते. आता जीव खाऊन हलवू पाहिले, तर पाय जागचे हलेनात. बिडीचा वास तेवढा गुडघ्यांपर्यंत चढला होता.