खालची कडी

नम्रता बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली आणि मागे खट्‌ आवाज झाला. दाराची खालची कडी सरकवणं साईला कालच जमलं होतं. अडीच वर्षांच्या माणसाला नवीन काही जमलं की तो ते वापरल्याशिवाय राहत नाही.

"साई! उघड आधी!" ती ओरडली. आत धूम पळण्याचा आवाज आला.

दाराशेजारच्या खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. गॅसवर दूध होतं. खाली साईने कणकेचा डबा आडवा केला, त्यावर तेलाची बाटली ओतली आणि दोन्ही हातांनी मनापासून कालवायला घेतलं. नम्रताने ग्रिलमधून हात घातला. तो कोपरापर्यंतच गेला, कडी कुठच्या कुठे राहिली. मोबाइल आत. नवरा हिंजवडीला. पुढच्या दारालाही आतून कडी.

"उघड म्हणते न! नाहीतर बघ हं!"

साई टेबलाखाली जाऊन बसला.

शेजारच्या बाल्कनीतून सुनीतीबाईंनी डोकं बाहेर काढलं. "अहो, ओरडताय कशाला? ओरडलात की तो लपतो. रोज ऐकतो आम्ही." मग प्रकार कळल्यावर म्हणाल्या, "थांबा, वॉचमनला आणते दार फोडायला," आणि लगबगीने आत गेल्या.

'रोज ऐकतो' हे नम्रताला चांगलंच झोंबलं. पण खोटं कुठे होतं? तिने आवाज खाली आणला.

"साईबाळा, ये न. कडी सरकव न बाप्पा. आई काही नाही करत."

साई टेबलाखालून बाहेर आला. भुवयांपर्यंत कणीक. त्याने आईकडे नीट निरखून पाहिलं. 'काही नाही करत' हे त्याने पुष्कळदा ऐकलं होतं. पावडरचा डबा पलंगावर उपडा केला तेव्हा, बाबांचे बूट बादलीत बुडवले तेव्हा. दर वेळी तो विश्वासाने जवळ आला होता आणि दर वेळी हातावर फटका बसला होता.

"आई मारते," तो म्हणाला.

"नाही रे राजा. देवाशप्पथ नाही."

तो जागचा हलला नाही.

दूध वर आलं, उतू गेलं. चर्र झालं आणि गॅस विझला. थोड्याच वेळात गॅसचा वास खिडकीपर्यंत आला.

"साई, लवकर रे! चॉकलेट देते, गाडी देते..." आवाज गोड ठेवता ठेवता तिला रडूच फुटलं.

आईला रडताना पाहून साई गंभीर झाला. आपली लाल खुर्ची ओढत त्याने खिडकीशी आणली, वर चढला आणि ग्रिलमधून हात बाहेर काढला. तळवा वर करून.

"आधी मार," तो म्हणाला.

नम्रताने तो हात धरला आणि त्याचा मुका घेतला. साईने तो हिसकावून आत घेतला.

"असं नाही. मार." हात पुन्हा बाहेर आला. डोळे त्याने घट्ट मिटून घेतले होते.

तिने मारलं.

साईने डोळे उघडले, तळव्याकडे पाहिलं. "झालं," असं म्हणून तो खुर्चीवरून उतरला आणि त्याने कडी काढली.