नावाआधीची चूक

कार्डाचा फोटो इतका छान आला होता की अनघाने तो बोटांनी मोठा करून पाहिला, आणि नावाआधीचा शब्द तिला दिसला. "श्रीमती अरुणा दामले." तिच्याच अक्षरात, तिच्याच सोनेरी शाईत.

कार्ड सकाळीच अरुणाकाकूंच्या घरी पोचलं होतं.

"अश्लेषा, हा फोटो आपल्या पेजवर कधी टाकलास?"

"अभी थोड़ी देर पहले. क्यों, अच्छा नहीं आया?" लेक म्हणाली.

"आधी काढ तो."

"पर क्यों, मम्मी? सब श्रीमती ही तो लिखते हैं."

तिचंही चुकत नव्हतं. लखनौत सगळे तसंच लिहितात. अनघा गेले कित्येक दिवस आलमबागच्या एका लग्नाची कार्डं करत होती. "श्रीमती एवं श्री" लिहून लिहून हाताला तेच वळण पडलं होतं. पण आपल्याकडे नवरा असलेल्या बाईला सौ. लावतात आणि नवरा गेलेल्या बाईला श्रीमती, निदान काकूंच्या पिढीत तरी. त्यातून आमंत्रण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. म्हणजे व्हायची ती चूक अगदी मुहूर्त बघून झाली होती.

दामलेकाका निवृत्त झाल्यावर दापोलीला भावाच्या बागेत जाऊन राहिले होते. तब्येत तोळामासा, त्यांना इथली थंडी सोसत नसे. काकूंचा जीव मात्र लखनौत आणि मराठी मंडळात. त्या उन्हाळ्यात तिकडे जाऊन येत. एरवी "ह्यांना हे आवडत नाही" आणि "हे असं म्हणतात" हे पालुपद सारखं चालू असे. मंडळातल्या बायका मागून हसायच्या, म्हणायच्या, काका दापोलीत असले तरी काकूंच्या पदराला बांधलेले आहेत.

आणि या काकूंनीच अनघाला उभं केलं होतं. लखनौच्या चौक बाजारातून आणलेले चिकन भरतकामाचे जुने लाकडी ठप्पे हातकागदावर उमटवून ती कार्डं करायची आणि वाढदिवसाला वाटून टाकायची. "फुकटच्या वस्तूचं कौतुक दोन दिवस. किंमत लाव," असं काकूंनी बजावलं. पहिलं कार्ड त्यांनीच विकत घेतलं. यंदा मंडळाच्या सगळ्या आमंत्रणांचं कामही त्यांनीच मिळवून दिलं. आणि त्यांच्याच कपाळावरचं कुंकू आपण शाईने पुसलं. अनघाला स्वतःची लाज वाटली.

"फोन करून सॉरी म्हण, विषय संपला," तिचा नवरा हृषीकेश बूट घालता घालता म्हणाला. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतल्या इंजिनियराला प्रत्येक बिघाडावर सोपा इलाज दिसतो.

"जित्याजागत्या माणसाला मारून सॉरी म्हणायचं? उद्या काकांना खरंच काही झालं तर?"

"तुझ्या लिहिण्याने?"

नाही, हे तिलाही कळत होतं. पण मन मानत नव्हतं. तिने फोन केला. काकूंनी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. काकू फोन उचलत नाहीत असं कधी झालं नव्हतं.

तिने नवं कार्ड घेतलं. सगळ्यात नाजूक ठप्पा निवडला, शाई वाळेपर्यंत श्वास रोखून बसली. "सौ. अरुणा दामले." स्कूटी काढून ती धुक्यातच निघाली. वाटेत तिने सगळं जुळवलं, ते लग्न, हाताचं वळण, हिंदीची सवय.

काकूंनी दार उघडलं. कपाळावर टिकली होती, पण डोळे सुजलेले. जुळवलेलं सगळं अनघा विसरून गेली.

"आत ये," काकू म्हणाल्या. "दार लाव."

कार्ड टेबलावर पडलं होतं. दोघीही त्याच्याकडे न बघता बसल्या.

"काकू, माझं चुकलं. मी तसं लिहायला नको होतं."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"पेजवर फोटो गेला होता, तो लगेच काढला. कुणी बघितला नसावा. फक्त घरी माहीत आहे."

"हृषीकेशला?"

"हो. पण तो बाहेर बोलणार नाही."

काकूंनी डोळे मिटले. अनघाला वाटलं, आपण इथून उठून पळत सुटावं. तिने पिशवीतून नवं कार्ड काढून पुढे केलं. "हे आणलंय मी. हेच खरं समजा. ते जुनं फाडून टाका."

काकूंनी "सौ." या अक्षरावरून अंगठा फिरवला.

"यंदाचं हळदीकुंकू एवढं मला करू दे," त्या म्हणाल्या. "दारात करंडा घेऊन उभं राहायला मला फार आवडतं गं. पुढच्या वर्षी मी आपणहून बाजूला होईन."

"काकू, असं नका बोलू. तुम्ही मंडळ सोडलंत तर मी स्वतःला कधीच माफ करणार नाही. हवं तर सगळ्यांसमोर माफी मागते."

"सगळ्यांसमोर नको," काकू घाईने म्हणाल्या. मग त्यांनी अनघाचा हात दोन्ही हातांत घेतला. "तू मला सांभाळून घेतलंस, हे कार्ड करून आणलंस. दुसरी कुणी असती तर गावभर केलं असतं. तुझे उपकार विसरणार नाही मी."

अनघाला काहीच उमजेना.

"फक्त एवढं सांग," काकूंचा आवाज अगदी खाली गेला. "मागच्या उन्हाळ्यात हे गेले, ते इथं मी कुणालाच कळू दिलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं?"