डाव्या हाताचं पेन

जपानमधल्या कानाझावा शहरातल्या आपल्या खोलीत मिचिरू मोबाइलसमोर लाइव्ह बसली होती. लिलावात मिळालेलं सोनेरी नक्षीचं जुनं लाखेचं पेन कागदावर खरखरत होतं. निब घासायला तिने पॉलिशपेपर उचलला. हात चुकला तर निब कामातून जाणार होती. "शाईवाली ताई, घाबरलात की काय?" एका प्रेक्षकाने लिहून डिवचलं. "गप रे. श्वास रोखू दे." एवढ्यात पडद्यावर नवी ओळ उमटली. "मिचान, घासू नकोस. डाव्या हातात धर." ती थबकली. इथे सगळ्यांना ती शाईवाली म्हणूनच ठाऊक होती. तिला लाडाने मिचान म्हणणारे डावखुरे बाबा तिच्या शाळकरी वयातच घर सोडून गेले होते. तिने पेन डाव्या हातात घेतलं. खरखर थांबली; निब कुणा डावखुऱ्याच्या हातानेच झिजलेली होती. वेड्यावाकड्या अक्षरांत तिने लिहिलं, "बाबा, कुठे आहात?" आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा एकाने कमी झाला.