दारातला थांबा

"बाई, दोन थांब्यांत इतकं कमी अंतर कुणी शहाणा माणूस ठेवतो का?" मुख्य अभियंता नकाशावरून मान वर करत म्हणाले. "की तुमच्या दारातच गाडी हवीय?"

"हो, दारातच हवीय," बाईंनी सांगून टाकलं.

खोलीत हशा पिकला. लाइट रेलच्या मार्गाची आखणी बाईंकडे होती, आणि त्यांच्या घरची परिस्थिती ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. जिन्यावरून पडल्यापासून नवऱ्याचे गुडघे दुमडत नव्हते. बसची पायरी चढवत नव्हती, मोटारीत पाय मावत नव्हते. खिडकीशी पाय पसरून बसल्या बसल्या माणूस सुकत चालला होता. ही गाडी मात्र फलाटाच्या बरोबरीची. सरळ चालत आत शिरायचं आणि उभं राहायचं. हसून झाल्यावर साहेबांनी थांबा मंजूर केला.

घरी बाईंनी नकाशा पलंगावर पसरला, तेव्हा कित्येक महिन्यांनी नवऱ्याने आपणहून तोंड उघडलं.

"शेवटचा थांबा कुठला?"

"तळ्यापलीकडचा. का हो? तिथे काय आहे एवढं?"

"तिथेही पायरी नसेल ना?"

"एकाही थांब्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. मग रोज करू लागला. बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायचा, आज रूळ कुठवर आले? दुपारी फोनवर जुन्या मित्रांनाही म्हणे बातम्या पुरवायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोच्या कामाची पहिल्यांदाच विचारपूस केली होती. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

मग खर्चाला कात्री लागली आणि तळ्यापलीकडचा टप्पा रद्द व्हायची वेळ आली. त्या दिवशी तो जेवला नाही. बाईंनी जिवाचं रान केलं. साहेबांशी कडाकडा भांडल्या, तळ्यापलीकडे दारोदार हिंडून लोकांच्या सह्या घेतल्या. एका घरातल्या बाईने तर त्यांना बसवून पाणी दिलं, हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "एवढी गाडी येऊ द्या हो इथवर." टप्पा वाचला.

गाडी सुरू झाली त्या दिवशी बाईंनी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. पिशवीत औषधं, पाणी, शाल भरली. काठी टेकत तो फलाटावर आला आणि कुणाचाही हात न धरता गाडीत शिरला. बाईंना रडू आवरेना. इतकी वर्षं हाच क्षण तर मागितला होता त्यांनी. डोळे पुसून त्या मागोमाग आत पाऊल टाकणार, तोच त्याने काठी आडवी धरली.

"तू नको येऊस," तो हळूच म्हणाला. "मी आता परत नाही यायचा. शेवटच्या थांब्यावर ती उभी असेल. फार वर्षं वाट बघितली बिचारीने."