तीनदाच जुळणारं रबर

मजबूत रबर चिरलं की पुन्हा जुळत नाही, आणि जुळणारं रबर ओढलं की तुटतं, हे बुसानच्या आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. आमच्यातल्याच प्यो सन-ओकने दोन्ही गुण एकाच रबरात आणले. कापलेली टोकं एकमेकांना दाबून ठेवायची, जेवून यायचं, मग दोघांनी दोन्हीकडून ताणलं तरी सांधा सुटत नसे. जेजू बेटावर समुद्रात बुड्या मारून शंख काढणाऱ्या बायकांच्या पोशाखासाठी तिने ते घडवलं होतं. तिची आई त्यांच्यातलीच.

आमच्या ब्योन साहेबांनी पोशाख उलटसुलट करून पाहिला. "प्यो बाई, हा टिकतच राहिला तर दुसरा कोण घेईल? तीनदा जुळेल, पुढे नाही, असं काहीतरी करा."

"मग चौथ्यांदा चिरला की त्या गार पाण्यात तुम्ही उतरणार का?"

"जास्त बोलू नका. शास्त्रज्ञांच्या परिषदेतलं तुमचं भाषणही रद्द करा."

तिने भाषण केलं. रबर कसं घडवायचं ते भरसभेत, हातचं काही न राखता सांगून टाकलं. बाहेर पडताना साहेबांनी तिची वाट अडवली.

"कंपनीचं गुपित चव्हाट्यावर मांडलंत! कोर्टात खेचीन तुम्हाला."

"खेचा की," सन-ओक म्हणाली. "रबर मुद्दाम अधू करायला का सांगितलंत, ते न्यायाधीशांना तुम्हीच समजावून सांगा. आईला मी पहिल्या बाकावर बसवते."